हळद लागलेला कळप

त्या उन्हाळ्यात आमच्या कळपाला गावानं नाव ठेवलं, हळदीचा कळप. मी मेंढरं घेऊन पाराजवळून निघाले की बसलेल्यांतला एखादा हमखास विचारायचा, "काहो वहिनी, लगीन कवा हाय? आमाला पत्रिका न्हाई आली." बाकीचे दात काढायचे. मीही काही ऐकून घेणारी नाही. "नवरदेव तुमच्याच गोठ्यातला पाहिलाय, तयारीला लागा," असं फेकून पुढं जायचे. पण वळण ओलांडलं की पदर तोंडावर ओढून घ्यावासा वाटायचा. हसत होते ते मेंढरांना, आणि मान खाली जात होती माझ्या सासऱ्याची.

तर झालं असं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमची कोकरं जंतांनी फार खाल्ली. हगवण लागायची आणि दोन-तीन दिवसांत कोकरू आडवं. उन्हाळ्यात तर आमच्याकडं माळावर कुसळसुद्धा उरत नाही. तुरीचा भुसा आणि कडबा, कडबा आणि तुरीचा भुसा, माणसाला रोज भाकरीसोबत नुसतं मीठ दिलं तर कसं होईल, तसंच ते. मग सेनगावला जनावरांच्या डॉक्टरांनी बायांसाठी एक दिवसाचं शिबिर घेतलं, त्याला मी गेले. माझे मालक गोरेगाव-सेनगाव जीप चालवतात. मला मोटारीतलं जेवढं कळतं तेवढंच त्यांना मेंढरांतलं. त्यामुळं घरात मेंढरांचा कारभार माझा आणि सासऱ्यांचा.

डॉक्टर म्हणाले, कोरड्या दिवसांत नुसत्या भुशावर जनावर तगत नाही. त्यात बाभळीच्या शेंगांचं पीठ घाला, शेवग्याचा वाळला पाला घाला, मेथी, ओवा आणि चिमूट चिमूट हळद. पचन सुधारतं, जंताचा जोर कमी होतो. हेही बजावलं की हे औषध नाही, नुसती जोड आहे, जास्त घातली तर उलटंच होईल, आणि जनावर जास्त आजारी असलं तर दवाखान्यात आणा. मला एवढं आवडलं ते! सगळं आपल्या आवारातलं. बाभूळ बांधावर, शेवगा दारात, आणि हळदीचं तर आमच्या जिल्ह्यात बोलायलाच नको. माझ्या भावाकडं हळद पॉलिश करताना ड्रममधून निघालेला भुगा पोत्यात पडून होता. तो मी चाळून आणला.

पहिल्या दिवशी मेंढरांनी नाकं मुरडली. गव्हाणीला तोंड लावायला तयार नाहीत. मी पण हट्टी. लेकराला कडू औषध कसं देतो? गुळाचं पाणी करून भुशावर शिंपडलं. झालं! दुसऱ्या दिवशी कानापर्यंत तोंडं घालून खायला लागली. पंधरवडा उलटला नाही तर लेंड्या बराबर गोळीबंद पडायला लागल्या. मेंढरं पाळणाऱ्याच्या घरात याच्याहून मोठी खुशखबर नसते. मी सासऱ्यांना ओंजळीत लेंड्या नेऊन दाखवल्या. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिल्या आणि म्हणाले, "हेच चारत जा, पोरी. जित्राब चांगलं दिसून राहिलं."

गुळाच्या पाण्यानं हळद चिकटते, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. मेंढरांची तोंडं पिवळी झाली, मग एकमेकांच्या अंगावर माना घासून माना, खांदे, पाठी पिवळ्या झाल्या. काळ्या मेंढरांवर दिसत नव्हतं. पांढरी कोकरं मात्र लांबून चमकायला लागली.

बाहेरचा माणूस म्हणेल, पिवळी झाली तर काय बिघडलं? त्याला आमच्या गावची रीत सांगायला पाहिजे. गावात कुणी देवाला नवस बोललं, की एक पांढरं कोकरू घेतात, त्याच्या कपाळावर देवाचा भंडारा, म्हणजे हळदच, लावतात आणि ते माझ्या सासऱ्यांच्या कळपात आणून सोडतात. त्या घडीपासून ते देवाचं. ते कुणी विकत नाही, त्याला कुणी कातरत नाही. ज्या लेकरासाठी नवस असेल त्या लेकराच्या डोक्यालाही तोवर कात्री लावत नाहीत. चैत्रात जत्रेच्या दिवशी देवळाच्या दारात लेकराचं जावळ आणि कोकराची पहिली लोकर एकदमच उतरवतात आणि देवाच्या पायाशी ठेवतात. तोवर दर रविवारी सासरे प्रत्येक देवाच्या कोकराला भंडारा लावायचे. त्यांचे वडील लावायचे, त्यांचे आजे लावायचे. जत्रेच्या दिवशी ती कोकरं घेऊन सगळ्यांच्या पुढं चालायचा मान त्यांचा.

दुसरं त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. सासूबाई गेल्या. लेक जीपवर. पण गावातला कुणीही दारात येऊन म्हणायचा, "बाबा, देवाचं जनावर तुमच्या हवाली करून राहिलो," तेव्हा त्यांची पाठ ताठ व्हायची. मी त्यांना मामा म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या माणसानं मला कधी एका शब्दानंही दुखवलं नाही.

त्या वर्षी मागच्या गल्लीतल्या मावशीचं कोकरू आमच्याकडं होतं. मावशीच्या लेकीला बऱ्याच वर्षांनी पोरगं झालं, त्याचा नवस. पोरग्याचे केस पार डोळ्यांवर आलेले, मावशी त्याच्या दोन वेण्या घालायची. त्याला कडेवर घेऊन ती अधूनमधून कोकरू बघायला यायची. पोरगं कोकराचा डावा कान धरायचं. तो कान जन्मतःच मुडपलेला होता. "जत्रेत दोघांचं एकदम व्हनार हाय बरं," मावशी त्याला सांगायची, आणि मला म्हणायची, "एवढं पार पडलं की मी सुटले, बाई." अजून तीन घरांची बारकी कोकरं होती, पण ती पुढल्या जत्रेची.

एकदा गोरेगावच्या बाजारात आम्ही आमचीच दोन कोकरं विकायला नेली, मामा आणि मी. व्यापारी नेहमीचा. तो जवळ आला, कोकरांची तोंडं पाहिली आणि हातच मागं घेतला. "अरे बाबा, ये तो देव का माल है. भंडारा लगेला है. इसको मैं हाथ नहीं लगाता."

"अहो, भंडारा कसला, खाद्यातली हळद हाय ती," मी म्हणाले.

"मेंढराला हळद?" तो हसला. आजूबाजूचे चार जण जमले. कुणीतरी मागून बोललं, "आता देवाचं बी विकायला काढलं का या लोकायनं?"

 मामांनी कोकरांच्या दोऱ्या गोळा केल्या आणि चालायला लागले, जीपच्या उलट्या दिशेनं. मी हाक मारून वळवलं. मला वाटलं, रागात दिशा चुकली. परत येताना जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "आपल्या घराला असं कवा कोनी बोललं नव्हतं." मला वाटलं, भुई दुभंगावी आणि मी जीपसकट आत जावं. शिबिराला मी गेले, गुळाचं पाणी मी शिंपडलं, आणि ऐकून घेतलं त्या म्हाताऱ्या माणसानं.

दुसऱ्या दिवशी मी पेटले. दोन कोकरं ओढ्यावर नेऊन कपड्याच्या साबणानं खसाखसा घासली. आणि काय सांगू! पिवळी होती ती लाल झाली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे वरणाचा डाग धुतलेल्या कोणत्या बाईला माहीत नसतं? मलाही माहीत होतं. पण डोकं ठिकाणावर असेल तर ना! वाटेत शेजारीण भेटली, तिनं कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "हळद होतीच, आता कुंकू बी लावलंस का गं? खण-नारळ तेवढा राहिला." सांज व्हायच्या आत गावभर झालं.

मी मामांना म्हणाले, "मामा, आठ-दहा दिवस जाऊ द्या. ऊन हळदीचा रंग खातंय. मी गुळाचं पाणी बंद केलंय, आता भिजवलेल्या भुशात कालवून गोळे करून देते. आपोआप पांढरी होतील." हे खरंच होतं. पण माणसाच्या जिवाला बोललेलं लागलं असेल तर त्याला आठ-दहा दिवस कुठले निघायला? शिवाय होळीच्या तोंडावर आमच्याकडं कातरणी असतेच. मामा म्हणाले, "बगू."

दोन दिवसांनी मी बाभळीच्या शेंगा दळायला गोरेगावला गेले. परत आले तर मामा लिंबाखाली बसलेले, कात्री मांडीवर, आणि बाजूला पिवळ्या लोकरीचा हा ढीग. पांढरी कोकरं, अगदी बारकी सोडून, सगळी कातरलेली, थंडी वाजल्यासारखी एकमेकांना चिकटून उभी. "झाली एकदाची," मामा म्हणाले. "आता कोन म्हनतो बगू देवाचा माल." बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर होता.

मी शेंगांचं पोतं खाली ठेवलं आणि कोकरांकडं पाहिलं. त्यातल्या एकाचा डावा कान मुडपलेला होता.

"मामा," मी म्हणाले, "मावशीचं कोकरू तुमी बाजूला बांधलं व्हतं ना?"

"बांधलं की. ते काय, खुंट्याला हाय." त्यांनी खुंट्याकडं बोट केलं. खुंट्याला आमचंच एक कोकरू बांधलेलं होतं.

 माझं गप्प राहणं त्यांना कळलं असावं. ते उठले, चाचपडत कोकरांमध्ये गेले आणि एकेकाच्या कानावरून हात फिरवायला लागले. मुडपलेला कान हाताला लागला तिथं त्यांचा हात थांबला. मग ते तिथंच, त्या लेंड्यांत, खाली बसले.

"वरीस झालं असंल," ते म्हणाले. "समदं धुकं झालंय. पांढऱ्यावरचं पिवळं तेवढं दिसायचं मला, पोरी. त्याच्यावर देवाची वळखायचो. मंग समदीच पिवळी झाली."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले तरी असते. मला एकेक आठवायला लागलं. लेंड्या बोटांनी चाचपलेल्या. बाजारात उलटी धरलेली वाट. आणि "चांगलं दिसून राहिलं" म्हणालेले ते. कुणाला कळलं तर देवाची कोकरं कुणी हवाली करणार नाही, म्हणून या माणसानं वर्षभर डोळे गेल्याचं पोटात ठेवलं. आणि मी, एका घरात राहणारी, रोज ताट वाढणारी, मला पत्ता नाही. आग लागो माझ्या शिकण्याला.

"मी सांगते मावशीला," मी म्हणाले. "मी कातरलं म्हणून सांगते. मला काय, लोक बोलतातच."

त्यांनी कोकराच्या कातरलेल्या पाठीवरून हात फिरवला.

सांगायची वेळच आली नाही. मावशी संध्याकाळी पोरग्याला घेऊन आलीच. तिनं कोकरू पाहिलं आणि असा हंबरडा फोडला की गल्ली गोळा झाली. "माझ्या लेकराला काही झालं म्हंजे? आता काय उतरवू मी देवापुढं?" पोरगं बिचारं वेण्या हलवत कोकराचा कान धरायला बघत होतं. सगळे मिळून देवळापुढच्या पारावर गेलो, गुरवाला बोलावलं. तिथं जो तो माझ्यावर आला. हिला नसते उद्योग. मेंढराला कधी कुणी हळद चारली होती? चार बुकं शिकली आणि देव बाटवला. मी मान खाली घालून उभी होते आणि खरं सांगते, मला ते बरं वाटत होतं. बोला, म्हटलं, मलाच बोला. "चूक माझीच हाय," म्हणायला मी तोंड उघडलं.

मामा उठून उभे राहिले.

"तिला काहून बोलून राहिले?" ते म्हणाले. "तिच्या खाद्यानं एक कोकरू मेलं न्हाई यंदा. कातरलं मी. मला दिसत न्हाई."

 मग एकाला चेव आला. त्याच्या स्वतःच्या पोराचं जावळ मामांच्याच कळपातल्या कोकराबरोबर उतरलेलं. तो पुढं झाला, मामांच्या तोंडापुढं हात धरला आणि म्हणाला, "किती बोटं हायेत, सांगा बरं?"

मामा त्या हाताकडं बघत राहिले. डोळे बारीक करून खरंच मोजायचा प्रयत्न केला त्यांनी. तो प्रयत्न माझ्यानं पाहवला नाही. "बोटं न्हाई दिसत, बाप्पा," ते शेवटी म्हणाले, "पर आवाज तुझा हाय." तो माणूस हात खाली घेऊन मागं सरकला. त्याला लाज वाटली असेल-नसेल, देव जाणे. मला मात्र वाटलं, माझ्या अंगावरचं लुगडं भर चौकात कुणी फेडलं असतं तरी एवढी मेले नसते. सून वाचावी म्हणून तो माणूस गावापुढं उघडा झाला.

तोड काढली ती मावशीनंच. रडून झाल्यावर नाक पुसून तिनं विचारलं, "ती लोकर कुठं हाय?"

"हाय की, पण समदी मिसळून गेली," मी म्हणाले.

"मंग समदीच द्या पोत्यात भरून. त्यात कुठंतरी असंलच की आमची. देवाला बराबर वळखू येईल." गुरवानंही मान डोलावली. जत्रेला तसंच झालं. पोरग्याचं जावळ उतरलं आणि मावशीनं लोकरीचं अख्खं पोतं देवापुढं उपडं केलं. पोरगं आज ठणठणीत आहे, गल्लीत दगड मारत फिरतं.

इथंच संपलं असतं तर मी हे लिहायलाही बसले नसते. पारावरच्या त्या दिवसानंतर बाकीची तिन्ही घरं एकेक करून आली. पुढून नाही, मागच्या दारानं, मामा माळावर असताना. "वहिनी, राग नका मानू, आमच्या लेकरायचा सवाल हाय. बाबांना तकलीफ काहून द्यायची?" तिघांनाही मी कोकरं सोडून दिली. काय बोलणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही नेलंच असतं.

संध्याकाळी मामांनी विचारलं, "देवाची बराबर हायेत ना गं?"

"हायेत, मामा," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं ते.

मग रविवार आला. मामा दगडावर बसले, भंडाऱ्याची पिशवी काढली आणि म्हणाले, "आन एकेक." मी उभीच राहिले. आणि मग आमचंच एक, पायांवर तांबूस ठिपके असलेलं, कोकरू उचलून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी कपाळ चाचपलं, भंडारा लावला, पुटपुटत देवाचं नाव घेतलं. दुसरं धरलं. तिसरं धरलं. दर रविवारी तीच तीन. त्यांचा हात लागला म्हणून ती मी कधी बाजारात नेली नाहीत. पण त्यांच्या हातानं देवाशी खोटं मी बोलत होते, आणि तो माणूस दर खेपेला भंडारा लावून झाल्यावर म्हणायचा, "लोकायनं एवढं व्हऊन बी ठिवली बग माझ्याकडं." 

मधल्या काळात माझ्या खाद्याचं नाव झालं. डॉक्टरांनी पुढच्या शिबिरात मला उभं करून सांगायला लावलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. कुणी विचारलं, "ताई, काही अडचण आली का?" मी म्हणाले, "गुळाचं पाणी शिंपडू नका." एवढंच बोलून खाली बसले.

मालकांनी हिंगोलीला मामांचे डोळे दाखवले. मोतीबिंदू निघाला, पिकलेला. ऑपरेशन चांगलं झालं. शनिवारी काळा चष्मा घालून ते जीपमध्ये माझ्या शेजारी बसले तेव्हा वाटेतल्या पाट्या लेकरासारख्या वाचत होते. "वारंगा फाटा इकडं का? असं व्हय!" गोरेगाव येईपर्यंत मी मनात शंभरदा म्हटलं, आता सांगते, आता सांगते. नाही सांगितलं.

रविवारी सकाळी मी चूल पेटवत होते तेव्हा ते वाड्यात गेल्याचा आवाज आला. वाडा म्हणजे आमचा मेंढरांचा, काट्यांच्या कुंपणाचा. बराच वेळ ते आतच होते. मग रोजच्या दगडावर येऊन बसले. भंडाऱ्याची पिशवी शेजारी होती, पण तिला त्यांनी हात लावला नाही. मी काय करावं? सवयीनं म्हणा, भ्याडपणानं म्हणा, त्या तिघांतलं ते ठिपक्यांचं कोकरू उचललं आणि त्यांच्यापुढं धरलं. त्याच्या कपाळावर मागच्या रविवारचा भंडारा अजून होता.

मामांनी चष्मा काढला. आधी कोकराच्या पायांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पोरी," ते म्हणाले, "आता नको आनू. दिसतं मला."